आचार्यांच्या नावाची शिष्यवृत्ती

1958 हे जगदीशचंद्र बोस यांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. शताब्दी आली की पुतळा उभा राहतो, रस्त्याला नाव दिलं जातं, गौरवग्रंथ निघतो. बंगालमध्ये त्या वर्षी आणखी एक गोष्ट घडली. मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या पुढाकारानं बोसांच्या नावे विज्ञानाची आवड असलेली शाळकरी मुलं शोधून त्यांना शिष्यवृत्ती देणारी एक संस्था सुरू झाली. 'जगदीश बोस नॅशनल सायन्स टॅलेंट सर्च' हे तिचं नाव. देशात अशा प्रकारचा हा पहिलाच प्रयत्न होता.

काळही अनुकूल होता. आदल्याच वर्षी रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला होता आणि वैज्ञानिक कुठून आणायचे, या चिंतेनं जगभरची सरकारं जागी झाली होती. 4 मार्च 1958 रोजी भारत सरकारनं आपला विज्ञान धोरणाचा ठराव मांडला. अमेरिकेत 1942 पासून शाळकरी मुलांसाठी विज्ञान प्रज्ञाशोधाची स्पर्धा चालू होती. असं असलं तरी कोलकात्यातल्या या संस्थेचं मूळ मला स्पुटनिकपेक्षा प्रेसिडेन्सी कॉलेजच्या पदार्थविज्ञान विभागात जास्त दिसतं.

बोस तिथे 1885 साली प्राध्यापक म्हणून रुजू झाले. केंब्रिजहून नैसर्गिक विज्ञानाची पदवी घेऊन आलेला, लॉर्ड रॅले यांच्यासारख्या गुरूच्या हाताखाली शिकलेला हा तरुण. पण हिंदी प्राध्यापकाला युरोपीय प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार देण्याची तेव्हा रीत होती. त्यात नेमणूक हंगामी, म्हणून त्याचाही अर्धा. बोसांनी शिकवणं एक दिवसही थांबवलं नाही, पण पगाराला तीन वर्षं हात लावला नाही. वडिलांच्या डोक्यावर कर्ज होतं आणि 1887 मध्ये लग्न झालं होतं. कोलकात्यातलं घरभाडं परवडेना म्हणून नवराबायको चंद्रनगरला राहू लागले. सकाळी होडीनं हुगळी ओलांडायची, पलीकडे आगगाडी पकडायची आणि कॉलेज गाठायचं. रिकामी होडी वल्हवत परत नेण्याचं काम पत्नी अबला करत. अखेर सरकार नमलं, नेमणूक कायम झाली आणि मागच्या तीन वर्षांचा पूर्ण पगार एकरकमी हाती आला. तो वडिलांचं कर्ज फेडण्यात गेला.

संशोधनासाठी त्यांना कॉलेजात स्नानगृहाला लागून असलेली जेमतेम 24 चौरस फुटांची जागा मिळाली. उपकरणं बनवायला हाताशी एक पत्र्याचं काम करणारा कारागीर. एवढ्या सामग्रीवर त्यांनी पाच मिलिमीटर लांबीच्या विद्युत् चुंबकीय लहरी निर्माण केल्या आणि कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्या लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली, बंदुकीची दारू पेटवून दाखवली. 1897 च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचं व्याख्यान झालं. हा इतिहास आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांतही थोडाफार येतो. त्या मानानं त्यांच्या वर्गाबद्दल कमी बोललं जातं. सेंट झेविअर्समध्ये फादर लाफों यांनी बोसांना प्रयोग करून दाखवत विज्ञान शिकवलं होतं. बोसांनी तीच पद्धत आपल्या वर्गात आणली. सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा याच कॉलेजातून शिकून 1915 मध्ये एम.एस्सी. झाले, त्याच वर्षी आचार्य जगदीशचंद्र निवृत्त झाले. दोन वर्षांनी, आपल्या वाढदिवशी, त्यांनी बोस इन्स्टिट्यूट उघडली आणि तिथे लागलेले शोध सर्वांच्या मालकीचे राहतील, त्यांचं पेटंट घेतलं जाणार नाही, असं उद्घाटनाच्या भाषणातच सांगून टाकलं.

अशा माणसाच्या नावाची शिष्यवृत्ती केवळ गुणपत्रिका पाहून दिली गेली असती तर त्याचंच नाव खाली आलं असतं. कोलकात्याच्या संस्थेनं ते होऊ दिलं नाही. बारावीच्या उंबरठ्यावरच्या मुलांची लेखी परीक्षा होते, पण निवड तिथे संपत नाही. समोर प्रश्न आला तर हा मुलगा किंवा ही मुलगी स्वतःच्या डोक्यानं काय करते, हे पाहण्यासाठी सर्जनशीलतेची वेगळी चाचणी असते. निवड झालेल्यांना पैसे मिळतात, त्याबरोबर शिबिरं, प्रयोगशाळेतलं काम आणि वैज्ञानिकांचा सहवासही मिळतो. महिन्याच्या रकमेपेक्षा या सहवासाचं मोल मला मोठं वाटतं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला संशोधन करणारी माणसं बोलता-भांडताना, चुकताना, पुन्हा मांडणी करताना दिसली, की विज्ञान हा आपल्यालाही करता येण्यासारखा उद्योग आहे हे त्याला कळतं. पुस्तकातून ते कळत नाही.

पाचच वर्षांनी दिल्लीनं हीच वाट धरली. एनसीईआरटीनं 1963 मध्ये दिल्लीपुरत्या 10 शिष्यवृत्त्या देऊन पाहिल्या आणि 1964 मध्ये योजना देशभर नेऊन संख्या 350 केली. महाराष्ट्रातल्या घराघरांत ठाऊक असलेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा ती हीच. सुरुवातीला ती फक्त मूलभूत विज्ञानासाठी होती आणि पीएच.डी.पर्यंत पाठीशी उभी राहत असे. दहा-दोन-तीनचा आकृतिबंध आल्यावर 1977 मध्ये तिच्या नावातला 'विज्ञान' गेला. समाजशास्त्रं, अभियांत्रिकी, वैद्यक सारं आत आलं. परीक्षा अनेक भारतीय भाषांत घेतली जाऊ लागली, ही त्यातली फार चांगली गोष्ट. 2019 मध्ये शिष्यवृत्त्यांची संख्या 2000 झाली आणि त्यानंतर दोन वर्षांत योजनाच थांबली. 1999 मध्ये सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनाही 2022 मध्ये केंद्र सरकारच्या 'इन्स्पायर' योजनेत विलीन झाली. लाखो मुलं ज्या परीक्षेची तयारी करत होती ती अशी गप्पकन बंद पडावी, याची खंत वाटते.

कोलकात्याची संस्था राज्य सरकारच्या पाठबळावर चालते. नावात 'नॅशनल' असलं तरी तिचं क्षेत्र पश्चिम बंगालपुरतं आहे. अभियांत्रिकी आणि वैद्यक तिनेही पुढे सामावून घेतलं. हे काहींना रुचणार नाही, मूलभूत विज्ञानाचा वाटा कमी झाला असं ते म्हणतील. मला त्यात काही वावगं वाटत नाही. ज्या बोसांनी लहरींच्या प्रयोगांवरून वनस्पतींच्या संवेदनांकडे वळताना कुठल्याच शास्त्राची कुंपणं मानली नाहीत, त्यांच्या नावानं डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीला दार बंद करणं बरं दिसलं नसतं.

मुलींसाठी संस्थेनं स्वतंत्र शिष्यवृत्तीही सुरू केली. 'विज्ञानी कन्या मेधा वृत्ती' हे तिचं नाव. ते वाचलं की होडी वल्हवणाऱ्या अबलाबाईच डोळ्यांपुढे येतात. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात तेव्हा मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून 1882 मध्ये बंगाल सरकारची शिष्यवृत्ती घेऊन त्या मद्रासला गेल्या. तब्येतीनं साथ दिली नाही आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. पुढे 1919 मध्ये त्यांनी नारी शिक्षा समिती काढली आणि बंगालभर मुलींच्या शाळा उभारण्यात आयुष्य घालवलं. मेधा वृत्तीच्या नावात त्यांचा उल्लेख नाही. असायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडच्या जुन्या महाविद्यालयांतही रसायनाच्या, वनस्पतिशास्त्राच्या, पदार्थविज्ञानाच्या निवृत्त किंवा दिवंगत प्राध्यापकांच्या नावे पारितोषिकं असतात. विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून किंवा घरच्यांनी ठेव ठेवून ती सुरू केलेली असतात. कित्येक वर्षांपूर्वीच्या त्या ठेवीच्या व्याजात आज एक चांगलं पुस्तकही येत नाही, आणि स्नेहसंमेलनात नाव पुकारलं गेलं की त्या मुलाचा आणि त्या प्राध्यापकांचा संबंध संपतो. ठेव वाढवणं सर्वांनाच जमेल असं नाही. पण पारितोषिक मिळवणाऱ्याला त्याच प्राध्यापकांच्या एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या प्रयोगशाळेत उन्हाळ्याचा एक महिना काम करायला पाठवायचं, एवढं कुठल्याही विभागाला करता येईल. त्यासाठी कुणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. माजी विद्यार्थ्यांची यादी आणि एक फोन पुरतो.