जे घुमते, त्याले गिरीस

पुण्यात एका मित्राच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, रविवारी सकाळी, आम्ही दोघं एका जुन्या परदेशी मोटरसायकलचं मागचं चाक काढून बसलो होतो. गाडी शाफ्टवर चालणारी, म्हणजे चेन नाहीच. इंजिनाची ताकद एका फिरत्या दांड्यातून मागच्या चाकापर्यंत जाते. मित्राने गाडी सेकंडहँड घेतली होती. आधीच्या मालकाने शाफ्ट कधी उघडला होता की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. व्हिडिओ पाहून पाहून मित्र घाबरला होता. "हे आपल्याच्याने होईल का रे?"

रबरी बूट बाजूला सारला, स्विंगआर्म सोडवला, दांडा बाहेर ओढला. त्याच्या टोकाला उभ्या खाचा होत्या आणि त्यांत लाल गंजाची पूड साचली होती. दुसऱ्या टोकाला अधिकच्या चिन्हासारखा एक लोखंडी क्रॉस होता. मी पाहतच राहिलो. हे तर मी दवनीवाड्याला दर वर्षी पाहत आलो होतो.

दवनीवाडा गोंदिया जिल्ह्यात आहे. धानाचा मुलूख. तिथे शाफ्टवर चालणारी मोटरसायकल शोधूनही सापडणं कठीण, पण शाफ्ट मात्र शिवारात पावलोपावली दिसतो, तो ट्रॅक्टरच्या मागे. ट्रॅक्टरची ताकद रोटावेटरला देणारा तो दांडा. लोक त्याला पीटीओ शाफ्ट म्हणतात. रोवणीआधी बांधीत चिखल करायचा तर तो धड असावा लागतो. पहिला पाऊस पडायच्या आत मामाजी अंगणात पोतं अंथरून हा शाफ्ट उघडत. मी गिरीसगन धरून उभा. ते एकच वाक्य म्हणत, "बाबू, जे घुमते, त्याले गिरीस लागतेच."

म्हणजे मित्राच्या गाडीतलं आणि मामाजींच्या अंगणातलं यंत्र सख्खे भाऊ होते. त्यांचं कूळ शोधायला गेलं, की गोष्ट बरीच मागे जाते.

एक क्रॉस, दोन नावं

दोन दांडे एका रेषेत नसले तरी एकाने दुसऱ्याला फिरवायचं कसं, हा जुना प्रश्न. त्याचं उत्तर देणाऱ्या सांध्याला युरोपात 'कार्डन' म्हणतात, ते सोळाव्या शतकातल्या इटालियन गणिती जेरोलामो कार्दानोच्या नावावरून. इंग्रज त्यालाच हूकचा सांधा म्हणतात. रॉबर्ट हूकने सतराव्या शतकात या सांध्याचा नीट अभ्यास केला. त्यात एक खोड आहे. सांधा तिरका असेल तर पहिला दांडा एकसारख्या गतीने फिरला तरी दुसरा तसा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो.

यावर उपाय म्हणजे दोन सांधे वापरायचे. पहिल्याने केलेली गडबड दुसरा निस्तरतो. पण त्यासाठी दोन अटी आहेत. दोन्हीकडचे कोन सारखे हवेत, आणि मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांचे चिमटे एकाच दिशेत बसलेले हवेत. ते चुकले तर गडबड मिटायच्या ऐवजी वाढते. रोटावेटर थरथरतो, बेअरिंग जातात, क्रॉस तुटतो.

मामाजींनी हूकचं नाव ऐकलेलं नाही. पण पीटीओ शाफ्टचे दोन भाग वेगळे करण्याआधी ते दोन्हींवर खडूने एक सरळ रेघ मारत. पुन्हा जोडताना रेघेला रेघ जुळली पाहिजे. त्यांचा शाफ्ट चौकोनी पाइपचा होता. चौकोन चार प्रकारे बसतो आणि त्यातले दोन चुकीचे असतात. हूकची सगळी भूमिती त्या खडूच्या रेघेत होती.

मोटरसायकलपर्यंत

चेन स्वस्त आणि हलकी असते, कुणालाही बदलता येते. पण धूळ, पाणी आणि चिखल तिला खातात. म्हणून काही लोकांनी सुरुवातीपासूनच शाफ्टचा विचार केला. बेल्जियममधल्या एफएन कंपनीने १९०५ मध्ये चार सिलिंडरची मोटरसायकल आणली, ती शाफ्टवरच चालत होती. मग १९२३ मध्ये बीएमडब्ल्यूची आर ३२ आली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीला विमानांची इंजिनं बनवायची बंदी झाली होती. विमानांच्या इंजिनावर काम केलेल्या मॅक्स फ्रिट्झने ही मोटरसायकल आखली. इंजिन, गिअरबॉक्स आणि शाफ्ट एका ओळीत, आणि वळण फक्त शेवटी, चाकाशी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यालाही वाळवंटासाठी अशी गाडी हवीशी वाटली. हार्ले-डेव्हिडसनने त्याच धर्तीवर एक्सए नावाची शाफ्टवाली गाडी केली, पण ती साधारण हजारच बनली.

शेतीत हा दांडा आला तो जवळपास त्याच काळात. अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९१८ मध्ये पीटीओ असलेला ट्रॅक्टर विकायला काढला. पुढे मिनिटाला ५४० फेरे हा वेग ठरून गेला. आजही गावागावांत तोच आकडा ऐकू येतो.

मुंबईतली शाफ्टवाली

महाराष्ट्रात घरी उघडली जाणारी शाफ्टवाली दुचाकी कोणती, असं विचाराल तर उत्तर स्कूटर असं येतं. मिलानच्या इनोचेंती कारखान्याने १९४७ मध्ये लॅम्ब्रेटा काढली. तिची सुरुवातीची सगळी मॉडेलं शाफ्टवर चालत. गंमत म्हणजे कार्दानोही त्याच मिलानचा. १९४९ मध्ये मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, म्हणजे एपीआय, ही कंपनी उभी राहिली. तिने पन्नाशीच्या दशकात लॅम्ब्रेटा इथे जुळवून विकायला सुरुवात केली. त्यात शाफ्टवाली एलडी होती.

एलडीच्या मागच्या चाकाशी दोन तिरक्या दातांची चाकं एकमेकांत बसत. त्यांच्यातलं अंतर पातळ चकत्या घालून, म्हणजे शिम लावून, जुळवावं लागे. अंतर कमी झालं तर दात घासतात, जास्त झालं तर आवाज होतो. काम बारीक आणि वेळखाऊ. शिवाय शाफ्ट महागही पडतो. इनोचेंतीने १९५७-५८ पासून नव्या मॉडेलांत बंद पेटीतली, तेलात बुडालेली चेन आणली. एपीआयनेही पुढे चेनवालीच लॅम्ब्रेटा बनवली. १९७२ मध्ये लखनौच्या स्कूटर्स इंडियाने लॅम्ब्रेटाचे हक्क घेतले.

तिकडे पुण्याजवळ आकुर्डीला बजाजने इटलीच्या पियाज्योशी करार करून व्हेस्पा बनवली. तिला ना चेन, ना लांब शाफ्ट. इंजिन थेट मागच्या चाकालाच टेकलेलं. करार संपल्यावर १९७२ मध्ये चेतक आली. तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत.

इतकी वर्षं थांबून मिळालेली गाडी माणूस कशी सांभाळेल? परवान्यांच्या त्या काळात सुटे भाग सहज मिळत नव्हते आणि नवी गाडी तर मिळतच नव्हती. त्यामुळे अनेक घरांत रविवार म्हणजे गाडीचा दिवस असे. प्लग घासायचा, कार्बन खरवडायचा, केबलला तेल सोडायचं. यात हौस होती, पण गरज तिच्याहून मोठी होती. त्या गरजेने एका पिढीला हात दिले.

पार्किंगमध्ये

आता पुन्हा मित्राच्या गाडीकडे. तेल बदलायला बसलो तेव्हा त्याचा पाना सरळ खालच्या बोल्टकडे गेला. मी थांबवलं. आधी वरचा, तेल भरायचा बोल्ट सुटतो का ते पाहायचं. खालून तेल काढून टाकलं आणि वरचा बोल्ट सुटलाच नाही, तर गाडी तिथेच अडकते. हेही मामाजींचंच.

खालच्या बोल्टच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप होता. तो चालतो. टोचणारे तुकडे असते तर दात तुटले असं समजायचं. क्रॉस हातात धरून सगळ्या बाजूंना वाकवून पाहिला. कुठे अडकत नव्हता. खाचा डिझेलने धुतल्या, सुकवल्या, मॉलिब्डेनमचं गिरीस पातळ चोपडलं. चेनला दर काही शे किलोमीटरला तेल लागतं. शाफ्टला क्वचितच हात लावावा लागतो, आणि म्हणूनच त्याला विसरणं सोपं असतं. खाचा आतल्या आत कोरड्या पडतात, झिजतात, आणि एक दिवस इंजिन फिरतं पण चाक फिरत नाही. बोल्ट मात्र हाताच्या अंदाजाने नाही आवळले, टॉर्क पान्यानेच आवळले. घरी काम करणं म्हणजे कसंही काम करणं नव्हे.

हे मामाजींनाही एकदा महागात पडता पडता राहिलं. त्यांच्या शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर फुटलं होतं, ते काढून टाकलेलं. चालू शाफ्टजवळ वाकले आणि गमछ्याचं टोक क्रॉसमध्ये गेलं. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. गमछा जुना होता म्हणून फाटला आणि मान वाचली. त्यानंतर कव्हर आलं, गमछा कमरेला गेला, आणि ट्रॅक्टर बंद केल्याशिवाय कुणी शाफ्टजवळ जायचं नाही असा घरचा कायदाच झाला.

२०२२ मध्ये केंद्र सरकारने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही क्षेत्रं त्यात घेतली. कंपन्यांनी माहिती द्यावी, सुटे भाग द्यावेत, हा त्यामागचा विचार. तो हक्क हवाच. तुमच्या हातातल्या फोनची बॅटरी तुम्हाला स्वतःला बदलता येते का, एवढंच पाहा, म्हणजे का हवा ते कळेल. पण कंपनीने पुस्तक दिलं तरी बोल्ट कोणता आधी सोडायचा हे शेजारी उभं राहून सांगणारं माणूस लागतं. ती माणसं आता म्हातारी होत आहेत.

यंदा जूनमध्ये दवनीवाड्याला गेलो. मामाजींचे गुडघे आता वाकत नाहीत. पोतं मी अंथरलं, शाफ्ट मी उघडला. ते खाटेवर बसून पाहत होते. सगळं जोडून झालं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "रेघ मारली होती ना, बाबू?"

मारली होती.