ड्रॉ हातावरची चाल (रीबाय पोकर स्पर्धेतील)

टेक्सस होल्डेम पोकरमध्ये हातातले दोन आणि टेबलावर उघडलेले तीन पत्ते मिळून चार बदाम जमले आणि पाचवा यायचा राहिला, तर अशा अपुऱ्या हाताला ‘ड्रॉ’ म्हणतात. त्यावर किती चिप्स लावाव्यात, हा या नोंदीचा विषय. रीबाय स्पर्धेत सुरुवातीच्या ठरावीक वेळात चिप्स संपल्या तर पैसे भरून पुन्हा घेता येतात. त्यामुळे तिथले उत्तर इतर स्पर्धांपेक्षा वेगळे येते.

मराठी खेळाडूला यातले निम्मे ओळखीचे असते. गणपतीच्या जागरणात पुण्याजवळ चऱ्होलीत काय नि आळंदीत काय, पत्ते निघाले की रमी नाही तर तीन पत्ती. रमीत एका पत्त्याची वाट पाहणे असते, पण दर पत्त्याला चाल नसते. तीन पत्तीत चाल असते, पण तिन्ही पत्ते आधीच वाटलेले, त्यामुळे वाट कशाची पाहणार? ड्रॉमध्ये या दोन्ही सवयी एकत्र येतात. रमीत मुरलेला खेळाडू नको तितका थांबतो, तीन पत्तीतला मोठी चाल टाकून समोरच्याला पॅक व्हायला, म्हणजे हात सोडायला, लावतो.

या दुसऱ्या डावपेचाला पोकरवरचे लेखक डेव्हिड स्क्लान्स्की यांनी ‘सेमी-ब्लफ’ हे नाव रूढ केले. समोरचा पॅक झाला तर पॉट, म्हणजे मधली जमा, आपला, नाही झाला तरी पत्ता लागण्याची आशा शिल्लक. कलर, म्हणजे एकाच रंगाचे पाच पत्ते, पुरा करणारे 9 पत्ते उरलेले असतात. पुढच्याच पत्त्यावर तो लागण्याची शक्यता सुमारे 19 टक्के, टेबलावर उघडायच्या उरलेल्या दोन्ही पत्त्यांत मिळून 35 टक्के. दोन्ही टोकांनी उघड्या रनला, म्हणजे सलग पाच पत्त्यांच्या हाताला, 8 पत्ते, म्हणजे साधारण 17 आणि 31.5 टक्के.

समजा, पॉटमध्ये 1,200 चिप्स आहेत आणि दोघांकडेही 3,000. कलरच्या ड्रॉवर सगळ्या चिप्स लावल्या आणि समोरच्याने चाल घेतली, म्हणजे तितक्याच लावल्या, तर 7,200 च्या पॉटमधला आपला सरासरी वाटा 2,520, म्हणजे 480 चा तोटा. पॅक झाला तर 1,200 चा फायदा. हिशेब बरोबरीत सुटायला तो शंभरात सुमारे 29 वेळा पॅक व्हायला हवा. रीबायच्या वेळात घोडे इथेच अडते. खिशात पुढच्या चिप्सचे पैसे असलेला माणूस एका जोडीवरही हात सोडत नाही. त्याला हुसकावू पाहणारी मोठी चाल तेव्हा निव्वळ दानधर्म ठरते. अपवाद कलर आणि रन एकत्र जुळत असलेल्या हाताचा. तिथे 15 पत्ते उपयोगी, शक्यता 54 टक्के. कोणी पॅक झाले नाही तरी सगळे लावणे फायद्याचे.

हात न सोडण्याच्या याच सैल खेळाची दुसरी बाजू फारशी कोणी मोजत नाही. समोरच्याने 1,200 च्या पॉटवर 600 ची चाल केली, तर ती घ्यायला 25 टक्के शक्यता लागते आणि पुढच्या पत्त्यावर आपल्याकडे असते 19. नियमाने पॅक व्हावे. पण कलर लागल्यावर त्याच्याकडून सरासरी आणखी साडेसातशेच्या आसपास चिप्स निघणार असतील, तर तूट भरून निघते, आणि हात न सोडणारा गडी त्या देतोच. म्हणून या वेळात साधा ड्रॉ स्वस्तात पुढे न्यावा आणि लागल्यावर मोठी चाल करावी, हे धोरण बरे.

विश्रांतीच्या वेळी ॲड-ऑन, म्हणजे जादा चिप्सची शेवटची खरेदी, झाली की चित्र पालटते. आता संपला तो उठला. माणसे पॅक होऊ लागतात आणि सेमी-ब्लफमध्ये पुन्हा जीव येतो. तासाभरापूर्वी ज्याला बेधडक म्हणत होतो, तोच गडी आता चिप्स मोजत बसतो.

रीबायची चटक लागली की खर्चाला धरबंध राहत नाही. 2006 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये 1,000 डॉलरच्या एका स्पर्धेत व्यावसायिक खेळाडू डॅनियल नेग्रेआनू यांनी 46 वेळा रीबाय केले होते.

चऱ्होलीच्या माणसाला हे कॅसिनोतल्या टेबलावर खेळायचे तर गोव्याची वाट धरावी लागते. पणजीला मांडवीत कॅसिनोची जहाजे उभी असतात. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. कॅसिनोंसाठी 1976 मध्ये केलेला कायदा कधी अमलात आलाच नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. पोकर कौशल्याचा की नशिबाचा, यावर न्यायालयांचे एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये तो जुगारच ठरवला. पैसे लावून ऑनलाइन खेळण्यापुरता मात्र संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये हा भेदच पुसून टाकला. कौशल्य असो वा नशीब, बंदी दोन्हींवर.