जेन, यमू आणि अचला

आमच्या आजऱ्याला आषाढ-श्रावणात पाऊस असा लागतो, की घराबाहेर पडणं मुश्कील. वाचनाचा खरा हंगाम तोच. अशाच एका पावसाळ्यात मी शार्लट ब्राँटेची 'जेन एअर' वाचली. अनाथ, रूपानं साधी, पगारावर मुलीला शिकवणारी जेन धनवान मालकाशी बरोबरीच्या नात्यानं बोलते, याचं तेव्हा फार नवल वाटलं होतं. १८४७ साली ही कादंबरी 'करर बेल' या टोपणनावानं निघाली.

जेन स्वतःची कहाणी स्वतः सांगते. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांची यमूही 'मी' म्हणूनच बोलते. 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक'मधून येऊ लागली. पण यमू सोसते आणि सांगते. निर्णय घेणं तिच्या हाती नाही.

तो घेतला अचलेनं. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' लिहून खळबळ उडवणाऱ्या विभावरी शिरूरकरांची 'हिंदोळ्यावर' पुढच्याच वर्षी आली. विभावरी म्हणजे बाळूताई खरे, नंतरच्या मालतीबाई बेडेकर. टोपणनावाची गरज इथंही पडलीच!

गंमत पाहा. रॉचेस्टरची पहिली बायको जिवंत आहे, हे ऐन लग्नाच्या वेळी कळताच जेन प्रेम असूनही घर सोडते. अचलेला नवऱ्यानं टाकलेलं. तोही जिवंत आहे. ती मात्र आवडत्या पुरुषाबरोबर लग्नाशिवाय राहते, आई होते. दुसरी वाट तरी कुठं होती? मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला १९४७ साली. काही जातींत काडीमोडाची रूढी होती, पण पांढरपेशा घरातल्या बाईला तीही नव्हती. त्यामुळे मला अचला जेनपेक्षा धीट वाटते. शिवाय जेनला काकाचा वीस हजार पौंडांचा वारसा मिळतो. तो ती भावंडांत चौघांत वाटते खरी, पण वाट्याला पाच हजार उरतातच. मराठी नायिकेला असे काका भेटत नाहीत. 'कळ्यांचे निःश्वास'मधल्या शिकलेल्या मुली नोकरी करतात, तर त्यांच्या पगारावर घरच्यांचाच डोळा.

माझ्या आईनं लग्नानंतर 'हिंदोळ्यावर' वाचली, ती वर्तमानपत्राचं कव्हर घालून. सासूबाईंनी विचारलं, तर पोथी म्हणून सांगायचं ठरवलं होतं. 'जेन एअर' मी ओसरीवर बसून उघड वाचली. घरात कुणी काही म्हटलं नाही. इंग्रजी पुस्तक, म्हणजे अभ्यासच चाललाय, असा सगळ्यांचा समज.