सांगोल्याची मतपेटी

पूर्वी आपल्याकडे विधानसभेची निवडणूक शिमग्याच्या सुमारास येई. १९८० चा अपवाद सोडला, तर १९६२ पासून १९९५ पर्यंतच्या साऱ्या निवडणुका फेब्रुवारी-मार्चातच झाल्या. १९९९ साली विधानसभा मुदतीपूर्वी विसर्जित झाली, लोकसभेबरोबरच मतदान झाले, आणि तेव्हापासून हा लोकशाहीचा सण दसरा-दिवाळीच्या आगेमागे येऊ लागला. एका अर्थी हे बरेच झाले. लक्ष्मीपूजनाला जुनी वही मिटवून नवी उघडायची, ही आपली रीतच आहे. मतदारही पाच वर्षांनी हेच करतो. अशाच एका जुन्या वहीची पाने आज वाचकांपुढे उलगडायची आहेत. वही आहे सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला मतदारसंघाची.

सांगोला हा माणदेशाचा भाग. माण नदी तालुक्यातून वाहत पुढे भीमेला मिळते. पण ‘वाहते’ हा शब्द तिच्या बाबतीत पावसाळ्यातही जपून वापरावा लागतो. हा सारा पर्जन्यछायेचा मुलूख. ज्वारी-बाजरी, मेंढरांचे कळप, खिलार जनावरांचा बाजार आणि आभाळाकडे लागलेले डोळे, हे इथले जुने चित्र. तरीही लोक कौतुकाने ‘सोन्याचे सांगोले’ म्हणत आले. अशा गावात निवडणुकीची सभा कुठल्याही विषयावर सुरू झाली, तरी ती पाण्यावर येऊन थांबते.

संयुक्त महाराष्ट्र १ मे १९६० रोजी झाला आणि १९६२ च्या आरंभी नव्या राज्याची पहिली निवडणूक आली. यशवंतराव चव्हाणांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. विरोधी पक्षांत त्यातल्या त्यात मोठा होता शेतकरी कामगार पक्ष, आणि त्याच्या जागा होत्या अवघ्या १५. त्या पंधरांत सांगोल्याची एक होती. निवडून आलेले गणपतराव देशमुख हे मूळचे मोहोळ तालुक्यातील पेनूरचे, पेशाने वकील, पस्तिशीतले गृहस्थ. जन्माने परतालुक्याचा हा माणूस पुढे सांगोल्याचाच ‘आबासाहेब’ झाला.

१९६७ साली ते पुन्हा आले. १९७२ साली मात्र काँग्रेसची लाट अशी उसळली की, २७० पैकी २२२ जागा त्या पक्षाला मिळाल्या. शेकाप सातांवर आला आणि सांगोलाही काँग्रेसकडे गेला. दैवाची गंमत अशी की, त्याच वर्षी पावसाने पाठ फिरवली आणि महाराष्ट्राच्या स्मरणातला तो भयंकर दुष्काळ पडला. माणसे खडी फोडायला कामावर गेली, सुकडी खाऊन दिवस काढले, जनावरे कवडीमोलाने विकली. ज्या काळात माणदेशाला आपले गाऱ्हाणे मांडणारा माणूस सर्वांत जास्त हवा होता, त्याच काळात आबासाहेब सभागृहाबाहेर होते. १९७४ साली पोटनिवडणूक झाली आणि सांगोल्याने त्यांना परत पाठवले.

त्यानंतर १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० असे चार वेळा एकच नाव निवडून आले. राज्यात मुख्यमंत्री बदलले, काँग्रेस फुटली आणि जुळली, १९७८ साली शरद पवारांचे पुलोद सरकार आले, त्यात आबासाहेब मंत्री झाले, ते सरकारही गेले. सांगोला आपल्या जागी. बाहेरच्या माणसाला वाटे, या मतदारसंघात निवडणूक घेतात तरी कशाला?

याचे उत्तर काही प्रमाणात त्यांच्या राहणीत होते. आमदार असूनही ते एसटीने प्रवास करीत, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. आमदार एसटीत बसला, की त्याला तक्रार सांगायला चिठ्ठीचपाटी लागत नाही. शेजारची जागा पुरते. पण नुसत्या साधेपणावर माणूस एवढी वर्षे निवडून येत नाही. कापसाचा मुलूख नसलेल्या या तालुक्यात त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी केली आणि ती नेटाने चालवून दाखवली. १९९३ पासून आटपाडीला क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली, तिच्यातही ते अग्रभागी होते. कृष्णेचे पाणी उचलून या उंच, कोरड्या रानात आणा, ही ती मागणी. ज्या टेंभू गावाजवळून हे पाणी उचलायचे, ते कऱ्हाडजवळचे टेंभू म्हणजे गोपाळ गणेश आगरकरांचे जन्मगाव.

आणि मग १९९५ साल उजाडले. त्या वर्षी राज्यात काँग्रेसचा पाडाव झाला. ती ८० जागांवर घसरली आणि शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले. नेमके त्याच वर्षी सांगोल्यात काँग्रेस जिंकली! शहाजीबापू पाटील या तरुण उमेदवाराने आबासाहेबांचा पराभव केला. अंतर होते १९२ मतांचे.

हा आकडा जरा डोळ्यांपुढे आणून पाहा. दाटीवाटीने बसवली, तर चार एसटी गाड्यांत मावतील एवढी ही माणसे. जन्मभर एसटीने फिरलेल्या आमदाराचा पराभव चार एसटीभर माणसांनी व्हावा, याला काय म्हणावे? त्या वेळी कागदी मतपत्रिका होत्या. ९७ मतदारांचा शिक्का दुसऱ्या चौकोनात उमटला असता, तरी निकाल फिरला असता. आणि ९६ जणांचाच उमटला असता, तर दोघांची मते सारखी होऊन, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे, चिठ्ठी टाकूनच आमदार ठरवावा लागला असता. त्या दिवशी कुणी लग्नाला गेला असेल, कुणाची शेळी व्यायली असेल, कुणी ‘आबा काय, येणारच निवडून!’ म्हणून बांधावरच बसून राहिला असेल. बालेकिल्ल्याला भगदाड पडते ते पुष्कळदा या शेवटल्या माणसामुळे. शत्रू फार तर त्याचा फायदा घेतो.

१९९९ साली सांगोल्याने आपले पारडे पुन्हा फिरवले. आबासाहेब परत आले, दुसऱ्यांदा मंत्री झाले, आणि २००४, २००९ व २०१४ साली पुन्हा जिंकले. एकाच मतदारसंघातून अकरा वेळा! अखेरच्या विजयाच्या वेळी त्यांनी वयाची पंचाऐंशी वर्षे ओलांडली होती. २०१९ साली ते उभे राहिले नाहीत. त्यांचे नातू अनिकेत देशमुख शेकापतर्फे उभे राहिले. समोर तेच शहाजीबापू, आता शिवसेनेचे. २४ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाला तीन दिवस उरले असताना, मोजणी झाली. बापूंना ९९,४६४ मते, अनिकेतना ९८,६९६. अंतर ७६८! दोघांच्या मिळून झालेल्या दोन लाखांच्या घरातल्या मतांपैकी दर अडीचशेमागे एकसुद्धा पुरते येत नाही. एका घरी दिवाळीच्या पणत्या लागल्या, दुसऱ्या घरीही लागल्याच असतील. पण तेलाची धार सारखी पडली नसेल.

३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात आबासाहेबांचे निधन झाले. पुढल्याच वर्षी, जून २०२२ मध्ये, शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी गुवाहाटीहून शहाजीबापूंनी फोनवर तिथल्या झाडीडोंगराचे अस्सल माणदेशी बोलीत जे कौतुक केले, ते घरोघरी पोचले. सांगोल्याचे नाव एका दिवसात अवघ्या देशाने ऐकले. पण प्रसिद्धी वेगळी आणि मत वेगळे. २०२४ च्या नोव्हेंबरात, दिवाळी होऊन तीन आठवडे उलटल्यावर, आबासाहेबांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी बापूंना पंचवीस हजारांहून अधिक मतांनी हरवले. साऱ्या महाराष्ट्रात त्या निवडणुकीत शेकापचा एकच आमदार निवडून आला, तो हा.

मधल्या काळात मुलूखही बदलला आहे. ज्या रानात बाजरीची खात्री नव्हती, तिथे डाळिंब पिकले. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहूनच बंगालमधल्या शालिमारकडे निघाली. दुष्काळ संपला असे मात्र कुणी म्हणू नये. पाण्याची मागणी आजोबांच्या सभेत होती, तीच नातवांच्या सभेत आहे.

ही वही चाळताना एक गोष्ट मनात ठसते. आपण सहज म्हणतो, हा अमक्याचा मतदारसंघ, तो तमक्याचा बालेकिल्ला. सांगोल्याइतका एका माणसाशी एकनिष्ठ राहिलेला मतदारसंघ शोधून सापडणे कठीण. पण त्यानेही १९७२ साली नाही म्हटले, १९९५ साली नाही म्हटले, २०१९ साली नातवाला नाही म्हटले, आणि प्रत्येक वेळी पुढे पुन्हा हो म्हटले. अकरा विजयांतला एकही आधीच्या विजयाच्या पुण्याईवर फुकट मिळालेला नाही. दर वेळी पाटी कोरी, दर वेळी पहिल्या मतापासून मोजणी.

पुढल्या निवडणुकीला कुणी घरात ‘माझ्या एकट्याच्या मताने काय होणार?’ म्हणून पाय ताणून बसले, तर त्याला फार उपदेश करू नये. चहाचा कप हातात द्यावा आणि १९२ हा आकडा सांगावा. चहा संपेपर्यंत तो चपला शोधू लागेल.