लक्ष्मीबाई टिळक : अर्धवट वाचलेली आजी

परवा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पुस्तकांची पेटी खाली काढली. सूनबाई म्हणाल्या, "आई, तुम्ही हात लावू नका, धुळीने खोकला होईल." पण पुस्तकं दुसऱ्याने लावलेली मला चालत नाहीत. तर त्या पेटीत ‘स्मृतिचित्रे’ची माझी जुनी प्रत सापडली. शिवण सुटलेली, पानं पिवळी पडलेली. शाळेत असताना एखाद्या बाई रजेवर असल्या की त्यांच्या तासाला मला वर्गावर पाठवत, आणि मी हे पुस्तक घेऊन जायची. कुठला भाग वाचून दाखवायचा त्याच्या पेन्सिलीच्या खुणा समासात केलेल्या होत्या.

चाळता चाळता लक्षात आलं, खुणा सगळ्या पहिल्या निम्म्या पुस्तकात आहेत. पुढची पानं अगदी कोरी. आणि त्या कोऱ्या पानांवरून मला एक मुलगी आठवली.

आठवीचा वर्ग होता. बाजाराला पाठवलं की भलतंच काहीतरी घेऊन येणारे टिळक, त्यांचा विसरभोळेपणा, बायकोची होणारी तारांबळ, हे वाचताना वर्ग खदखदून हसत होता. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. घरची ख्रिस्ती. एरवी फारशी बोलायची नाही. म्हणाली, "बाई, आमची आजी यांचं ‘ख्रिस्तायन’ वाचते. रोज संध्याकाळी. ते पण सांगा ना."

खरं सांगते, ‘ख्रिस्तायन’ मी तोवर डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. पण शिक्षकाला "मला माहीत नाही" म्हणणं जड जातं. मी म्हटलं, "बस खाली, आता घंटा होईल." ती बसली. पुन्हा कधी तिने त्या पुस्तकाबद्दल विचारलं नाही.

असो. तेव्हा जे सांगायला हवं होतं ते आज सांगते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आलेल्या जिनसा धुतल्याशिवाय घरात घ्यायच्या नाहीत. अशा घरातली मुलगी अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांच्या घरी आली. शाळा नाही. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून.

टिळकांना १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या माणसाने ‘नवा करार’ वाचायला दिला. त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारून गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पदरात लहानगा दत्तू असलेल्या सव्वीस वर्षांच्या बाईवर काय कोसळलं असेल, याची कल्पना आजच्या मुलींना करता येणार नाही. नवरा जिवंत आहे, आपल्यावर त्याचा जीवही आहे, आणि तरी त्याच्याकडे जाता येत नाही. बहिणीच्या आधाराने त्या पंढरपुरात राहिल्या.

आता इथे माझी (आणि माझ्यासारख्या पुष्कळांची) चूक झाली. आम्ही समजून चाललो की पुढे "नवऱ्यामागून बायकोही ख्रिस्ती झाली", आणि गोष्ट संपली. पण तारखा बघा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधे पाच वर्षं आहेत. नुसतं नवऱ्यामागून जायचं असतं तर पाच वर्षं लागली नसती. त्या परत त्याच्याजवळ राहायला गेल्या तेव्हाही आपलं सोवळं, आपला स्वयंपाक वेगळा ठेवूनच गेल्या. मग हळूहळू एक विचार मनात पक्का झाला, की माणसामाणसांतल्या जाती देवाने केलेल्या नाहीत. त्यानंतर त्या कोणाच्याही हातचं खाऊपिऊ लागल्या. हे आधी झालं, बाप्तिस्मा नंतर. जिनसा धुऊन घेणाऱ्या बापाच्या मुलीने पाण्याचा तो पेला स्वतःच्या मनाने उचलला, नवऱ्याच्या हुकमाने नव्हे. माझ्या खुणा नेमक्या याच्या अलीकडे थांबल्या होत्या!

त्यानंतरचं त्यांचं आयुष्य मुख्यतः आईचं आहे. अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) त्यांच्या घरात स्वतःच्या मुलांबरोबर किती पोरकी मुलं वाढली! बालकवी ठोमरे त्याच घरात मुलासारखे राहिले. १९१८ च्या मे महिन्यात भादलीजवळ आगगाडीखाली बालकवी गेले, आणि वर्षभराने, ९ मे १९१९ ला, टिळक गेले. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीत होत्या. कल्पनेतसुद्धा पैसा न साठवणाऱ्या माणसाच्या त्या विधवा. सासर-माहेरचे जुने धागे केव्हाच सैल झालेले. पण बाई खचल्या नाहीत. कामं केली, थेट कराचीपर्यंत प्रवास केले, आणि नातवंडांची आजी झाल्यावर लिहायला बसल्या.

‘स्मृतिचित्रे’ जन्मलं तेही मुलामुळे. दत्तूला, म्हणजे देवदत्त टिळकांना, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्यांनी आईला म्हटलं, तुझ्या आठवणी लिहून दे. जोडाक्षरं लिहिताना अडणाऱ्या या बाईने लिहायला घेतलं आणि मराठीतलं एक अव्वल आत्मचरित्र तयार झालं. पहिला भाग १९३४ साली पुस्तकरूपाने आला, तेव्हा त्यांचं वय सहासष्ट होतं.

आणि ‘ख्रिस्तायन’? येशूचं ओवीबद्ध चरित्र लिहायचं हा टिळकांचा संकल्प होता. सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय लिहून ते गेले. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या, आणि ग्रंथ प्रसिद्ध झाला १९३८ साली. जरा विचार करा, ज्ञानेश्वरीची, एकनाथांची ओवी लहानपणापासून जिच्या कानावर पडलेली, तिने तीच ओवी घेऊन येशूची कथा सांगितली. धर्म बदलला म्हणून भाषा टाकली नाही, की जात्यावरची लय टाकली नाही.

आपण मात्र निवड केली. ‘स्मृतिचित्रे’ आपलं म्हटलं. ते योग्यच झालं. विजया मेहतांनी त्यावर चित्रपट केला, त्यात सुहास जोशींनी लक्ष्मीबाई उभ्या केल्या. २०१७ साली शांता गोखल्यांनी सगळं पुस्तक इंग्रजीत नेलं. त्याच हाताने लिहिलेलं ‘ख्रिस्तायन’ मात्र "त्यांचं" म्हणून बाजूला ठेवलं. हसवणारी लक्ष्मीबाई आपली, प्रार्थना करणारी लक्ष्मीबाई परकी. पण बाई तर एकच होती ना? इतकी दुःखं सोसूनही तिच्या लिहिण्यात कडवटपणा नाही, तो कशामुळे? मला वाटतं, ते हसू त्या श्रद्धेतूनच आलेलं आहे. आपण ओढा घेतला आणि झरा सोडून दिला.

मी स्वतः हिंदू घरातली. देवपूजा चुकवत नाही. माझी आजी पहाटे हरिपाठ म्हणायची आणि त्या मुलीची आजी संध्याकाळी ‘ख्रिस्तायन’ वाचायची. एकाच गावात, कदाचित दोन गल्ल्या सोडून. दोघींच्याही तोंडी ओवी-अभंगाचीच मराठी. एवढं साधं त्या दिवशी वर्गात बोलले असते तरी त्या मुलीच्या आजीला वर्गात जागा मिळाली असती.

आता माझं वय लक्ष्मीबाईंना मिळालेल्या आयुष्यापेक्षा जास्त झालं आहे. एका विद्यार्थ्याकरवी ‘ख्रिस्तायन’ची प्रत मिळवली आहे. रोज दिवेलागणीनंतर थोडं थोडं वाचते. घाई नाही. समासात पेन्सिलीच्या खुणाही करते आहे, जुनी सवय. काल नात शेजारी येऊन बसली आणि विचारू लागली, "आजी, हे कोणाचं पुस्तक?"

"एका आजीचं," म्हटलं, "बैस, वाचून दाखवते."

ती मुलगी आज पन्नाशी ओलांडून गेली असेल. कदाचित स्वतःच आजी झाली असेल. कुठे असेल तिथे सुखी असो. तिचं एक उत्तर माझ्याकडे राहून गेलं होतं.