गाव शहरात जाते तेव्हा

मी मीरा-भाईंदरमध्ये बचत गटांचे समन्वयाचे काम करते. आज आपण इतिहास बोलणार आहोत, पण राजेरजवाड्यांचा नाही. आपली ग्रामपंचायत एक दिवस बंद होते आणि तिच्या जागी नगरपालिका किंवा महापालिका येते, त्याचा इतिहास. शहराजवळच्या गावांत राहणाऱ्या मैत्रिणींनी तर हा नीट ऐकावा. उद्या ही वेळ तुमच्या गावावरही येऊ शकते.

आज मीरा-भाईंदर म्हटले की डोळ्यांसमोर उंच इमारती आणि खचाखच भरलेली लोकल येते. पण याच हद्दीत भाईंदर, मिरे, नवघर, गोडदेव, खारी, काशी, घोडबंदर, वरसावे, चेणे, राई, मुर्धे, मोर्वे, डोंगरी, उत्तन, पाली ही सगळी गावे आहेत. कुठे भातशेती, कुठे मिठागरे, तर उत्तन-पालीकडे मासेमारी. आगरी, कोळी, ख्रिस्ती, आदिवासी अशी इथली मूळ वस्ती. कारभार ग्रामपंचायतींचा.

12 जून 1985 रोजी पाच ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपालिका झाली. 1990 मध्ये आणखी चार ग्रामपंचायती तिच्यात आल्या. पुढे 28 फेब्रुवारी 2002 रोजी महानगरपालिका झाली. म्हणजे सतरा वर्षांत गावाचे शहर आणि शहराचे महानगर. आमच्याकडच्या काही वयस्क बायका अजूनही महापालिकेला 'नगरपालिका'च म्हणतात.

हे का झाले? मुंबईत जागा परवडेना, म्हणून माणसे रेल्वेच्या कडेकडेने उत्तरेला सरकली. 1991 च्या जनगणनेत इथे सुमारे पावणेदोन लाख लोक होते. 2001 मध्ये ते सव्वापाच लाखांच्या घरात गेले आणि 2011 मध्ये आठ लाखांच्या वर. एवढ्या लोकांना पाणी कुठून देणार? गावच्या विहिरी-तलावांवर ते भागणारे नव्हते. उल्हास नदीचे पाणी लांबून नळाने आणावे लागले. ते एकट्यादुकट्या ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले नव्हते. अग्निशमन दल, मोठे रुग्णालय, सांडपाण्याच्या वाहिन्या यांचेही तसेच. त्यामुळे गावे एकत्र आली ते सगळे वाईटच झाले, असे मी म्हणणार नाही. बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरला, ही लहान गोष्ट नाही.

पण मिळाले त्याचा हिशोब करताना गेले त्याचाही करायला हवा. आपण गटाच्या वहीत जमा आणि खर्च दोन्ही लिहितो, तसाच.

पहिला हिशोब माणसांचा. दीड हजार वस्तीच्या गावात ग्रामपंचायतीचे सात सदस्य असतात. म्हणजे साधारण दोनशे माणसांमागे एक. मीरा-भाईंदर महापालिकेत नगरसेवकांच्या जागा 95. आठ लाख लोकांना 95 ने भागले तर साडेआठ हजार माणसांमागे एक येतो. गावातला सदस्य आपल्या आळीत राहतो, नळावर भेटतो. नगरसेवकाला भेटायचे तर त्याच्या कार्यालयाची वेळ बघावी लागते. आणि ऑगस्ट 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून जास्त काळ निवडणूकच झाली नाही. सगळा कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात नगरसेवकच नव्हते, मग त्यांना गाठणार कसे?

दुसरा हिशोब ग्रामसभेचा. ग्रामपंचायत गेली की ग्रामसभाही जाते. आणि इथे आपल्या बायकांची एक वेगळी गोष्ट आहे. 1985 साली इथल्या ग्रामपंचायती गेल्या, तेव्हा बाईच्या हातून फारसे काही गेले नाही, कारण तिच्या हातात फारसे काही नव्हतेच. पंचायतीत बायकांना फार तर एक-दोन जागा. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये बायकांना 30 टक्के जागा मिळाल्या त्या 1990 मध्ये. 73 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली आणि एक तृतीयांश जागा पक्क्या झाल्या. 2011 पासून त्या निम्म्या झाल्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याचा नियम आला. पंचायतीच्या उत्पन्नातला 10 टक्के वाटा महिला आणि बालकांसाठी ठेवायचा, असे ठरले.

म्हणून मी म्हणते, 1985 च्या बाईपेक्षा आजच्या बाईचे जास्त जाणार आहे. शहरातही निम्म्या जागा बायकांना आहेत, हे खरे. पण निवडून न आलेली बाई जिथे उभी राहून प्रश्न विचारू शकते, ती ग्रामसभा शहरात नाही. महापालिकेत महिला आणि बालकांसाठी 5 टक्के निधी असतो, पण तो कुठे खर्च करायचा हे ठरते त्या बैठकीत आपल्याला खुर्ची नसते. रोजगार हमीचे काम ग्रामीण भागासाठी आहे, तेही गाव शहरात गेले की थांबते. आपले गट 'उमेद'मध्ये असतील तर शहरी अभियानाची नोंदणी वेगळी, नियम वेगळे.

तिसरा हिशोब जागेचा. शहर मोठे झाले की त्याचा कचराही वाढतो. मीरा-भाईंदरच्या कचऱ्याचा प्रकल्प उत्तनच्या धावगी डोंगरावर आहे. तिथल्या कचऱ्याला पुन्हा पुन्हा आगी लागल्या, धुराचा आणि वासाचा त्रास झाला आणि गावकऱ्यांनी आंदोलने केली. कचरा आठ लाख लोकांचा, डोंगर एका गावाचा. आपल्या हद्दीत काय यावे, याचा ठराव करायला उत्तनला आता स्वतःची ग्रामसभा नाही. महापालिकेच्या सभागृहात त्या भागाची मते मोजकीच.

मग गावे विरोध करत नाहीत का? करतात. आमच्या खाडीपलीकडे 3 जुलै 2009 रोजी चार नगरपालिका आणि 53 गावे मिळून वसई-विरार महापालिका झाली. गावे वगळा म्हणून तिथे मोठे आंदोलन उभे राहिले. 2011 मध्ये सरकारने 29 गावे वगळण्याचा निर्णय घेतला, पण तो न्यायालयात अडकला. कल्याण-डोंबिवलीची 27 गावे तर 1983 मध्ये आत गेली, 2002 मध्ये बाहेर आली आणि 2015 मध्ये पुन्हा आत गेली. 2020 मध्ये त्यातली 18 वगळायचे ठरले, तेही उच्च न्यायालयाने रद्द केले. त्या गावातल्या बाईने घरपट्टी कुठे भरायची आणि दाखला कोणाकडे मागायचा?

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. जपानने हे तीनदा केले. 1889 च्या सुमारास तिथली एकाहत्तर हजारांवर गावे-शहरे जोडून सुमारे सोळा हजार केली. एका गावाला एक प्राथमिक शाळा चालवता यावी, हा हेतू होता. 1953 नंतर सुमारे दहा हजारांची साडेतीन हजार झाली. तेव्हा माध्यमिक शाळा परवडावी म्हणून. आणि 1999 ते 2010 या काळात 3,232 ची 1,727 उरली. आपल्याकडे माणसे वाढली म्हणून गावे जोडली. तिथे उलटे. तरुण शहरात गेले, म्हातारी माणसे मागे राहिली, खर्च भागेना, म्हणून गावे जोडली.

पण एक फरक बघा. तिथे गाव जोडायचे की नाही, यावर गावाच्या निवडून आलेल्या सभेचा ठराव लागत होता. शेकडो ठिकाणी गावकऱ्यांचे मतदानही घेतले गेले. नागानो प्रांतातल्या हिराया नावाच्या छोट्या गावाने 2003 मध्ये शाळेतल्या मोठ्या मुलांनाही मत देऊ दिले, कारण त्या गावात पुढे राहायचे त्यांनाच होते. फुकुशिमा प्रांतातल्या यामात्सुरी गावाने 2001 मध्येच जाहीर केले की आम्ही कोणात मिसळणार नाही. ते आजही स्वतंत्र आहे. जिथे गावे जोडली, तिथल्या लोकांचीही तक्रार ओळखीची आहे. कचेरी लांब गेली आणि गावाचे ऐकणारे माणूस कमी झाले.

आपल्याकडे असे मतदान नसते. सरकार आधी प्रारूप अधिसूचना काढते आणि हरकती-सूचना मागवते. त्याला मुदत असते. ती मुदत हेच आपले मतदान समजा. बहुतेक वेळा कागद पंचायतीच्या फळ्यावर लागतो आणि मुदत संपल्यावर आपल्याला कळते. म्हणून गटाच्या बैठकीत एकीला हे काम द्या. महिन्यातून दोनदा तो फळा वाचायचा. हरकत लेखी द्या, पोच घ्या. तोंडी बोललेले कुठेच नोंदले जात नाही.

पंचायत आहे तोवर आणखी तीन कामे करून ठेवा. पहिले, घराचा नमुना 8 चा उतारा काढा आणि त्यावर नवऱ्याबरोबर तुमचेही नाव लावून घ्या. दुसरे, गावाच्या सामाईक जागांची यादी ग्रामसभेत मांडून ठरावात नोंदवा. गुरचरण, तलाव, स्मशान, खळे आणि किनाऱ्यावर असाल तर बोंबील सुकवायच्या वलांडीची जागासुद्धा. ज्या जागेची नोंद नाही ती शहराला मोकळीच दिसते. तिसरे, जुन्या ठरावांच्या नकला गटाच्या पेटीत ठेवा.

आणि गाव शहरात गेलेच, तर घरी बसू नका. 2009 पासून महाराष्ट्राच्या कायद्यात शहरांसाठीही क्षेत्रसभेची तरतूद आहे. मतदारांनी आपल्या भागात जमून बोलायचे, अशी ती सभा. ती आपणहून कोणी भरवत नाही, मागावी लागते. दहा गटांनी मिळून मागितली तर त्या मागणीला वजन येते.

इथल्या बायकांना 1985 साली कोणी विचारले नाही. आज तुमच्याकडे ग्रामसभा आहे, गट आहे, सही करता येते. म्हणून या महिन्याच्या बैठकीत वर्गणी गोळा झाली की दहा मिनिटे या विषयाला द्या आणि सामाईक जागांची यादी करायला घ्या. मी पुढच्या भागात भेटेनच. नमस्कार.