न उघडणारी तिजोरी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापाऱ्याच्या घरी तिजोरी उघडतात, आतल्या चांदीच्या रुपयाला हळदकुंकू वाहतात आणि मग वह्यांची पूजा होते. १९६६ च्या दिवाळीत आमच्या अंबाजोगाईच्या घरी पूजा झाली ती मात्र बंद तिजोरीची. आजीने तिच्या पोलादी कपाळावर कुंकवाची पाच बोटे ओढली आणि नैवेद्य दाखवला. माझे वडील खाली मान घालून शेजारी बसून राहिले. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. देव बंद दाराआडूनही नैवेद्य खातो का, असे मी विचारले आणि पाठीत धपाटा खाल्ला.

तिजोरी विलायती बनावटीची, कंबरेएवढ्या उंचीची. आजोबांनी ती कुठल्याशा लिलावात घेतली होती. तिला किल्ली नव्हती. दारावर शंभर रेघांची एक तबकडी होती. ती ठरावीक तीन आकड्यांवर, ठरावीक दिशेने फिरवली म्हणजे मूठ वळे. ते आकडे घरात एकट्या आजोबांना ठाऊक होते. त्या श्रावणात आजोबा गेले आणि आकडे आपल्याबरोबर घेऊन गेले.

आकड्यांच्या कुलपाची कल्पना वाटते तितकी नवी नाही. अल्-जझरी नावाच्या कारागिराने १२०६ साली पुऱ्या केलेल्या यंत्रांच्या ग्रंथात चार तबकड्यांच्या कुलपाची पेटी वर्णिलेली आहे. म्हणजे आपल्याकडे देवगिरीवर यादव नांदत होते, त्या काळी तिकडे पेटीला किल्लीऐवजी खुणा लावण्याची अक्कल माणसाने चालवली होती. पण या कुलपाचे खरे दिवस आले ते एकोणिसाव्या शतकात. लंडनच्या ब्रामा कंपनीने आपले एक कुलूप दुकानाच्या खिडकीत मांडून, उघडील त्याला दोनशे गिनी, असे आव्हान दिले होते. कित्येक दशके कोणाची डाळ शिजली नाही. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाचा अमेरिकन आला आणि सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खपून त्याने ते उघडून दाखवले. तेव्हापासून सावकारांच्या मनात एक पाल चुकचुकू लागली. ज्या कुलपाला भोक आहे, त्या भोकातून किल्ली जाते तशी चोराची तारही जाते. मग भोकच नसलेले कुलूप का नको?

आपल्याकडे तिजोरीचे नाव काढले की अर्देशीर गोदरेज आठवतात. झांझिबारला वकिली करायला गेलेला हा पारशी तरुण वकिलीत रमला नाही. त्याने १८९७ साली मुंबईच्या लालबागेत कुलपांचा कारखाना काढला आणि १९०२ च्या सुमारास तिजोऱ्या करावयास घेतल्या. विलायती माल तो चांगला, हा समज त्या काळी किती घट्ट होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या धाडसाची किंमत कळते. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याने भरलेली बोट फुटली आणि आसपासच्या वखारींची राख झाली. त्या आगीत सापडलेल्या त्यांच्या तिजोऱ्यांतले कागद शाबूत निघाले, ही आठवण मुंबईकर पुष्कळ दिवस सांगत. पुढे स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लाखो मतपेट्याही याच घराण्याच्या विक्रोळीच्या कारखान्यातून निघाल्या.

पण चोराला आणि आगीला दाद न देणारी वस्तू मालकालाही दाद देईनाशी झाली म्हणजे काय करावे? आमच्या घरात तोच प्रश्न होता, आणि तो पैशाचा नव्हता. रोकड तिजोरीत फारशी नसावी. प्रश्न एका पुतळ्यांच्या माळेचा होता.

बालाघाटाच्या माथ्यावरच्या एका वस्तीतली म्हातारी दर मंगळवारी बाजाराला येई आणि आमच्या ओट्यावर टेके. तिने १९६४ साली आपल्या आईची माळ आजोबांकडे गहाण ठेवली होती. १९६६ च्या चैत्रात तिने मुद्दल आणि व्याज फेडले. वहीत तशी नोंद होती. पण माळ तिला मिळाली नव्हती. आजोबा तिला “पुढच्या बाजाराला ये,” म्हणत राहिले, आणि असे म्हणता म्हणता श्रावण उजाडला.

“मालक, घावली का ओ मपली माळ?” ती वडिलांना विचारी.

“मावशी, तिजोरी उघडत नाही. उघडली की पहिली तुमची माळ.”

“व्हय,” एवढेच ती म्हणे, पाणी पिई आणि उठे. ती रागावली असती तर बरे झाले असते, असे आजी म्हणायची. बाजारात लोक काय बोलत, ते आमच्यापर्यंत येतच होते. पैसे फिटल्यावर पाच महिने माळ दिली नाही, याचा अर्थ लोकांनी लावायचा तोच लावला. वडिलांनी तिला तेवढ्याच वजनाची नवी माळ करून देऊ केली. तिने मान हलवली. “ती माय घालायची ओ,” म्हणाली.

तिजोरी फोडावी, हा सल्ला सगळ्यांनी दिला. पण आत वाड्याचे आणि शेताचे कागद होते, आणि आगीच्या फवाऱ्याने पोलाद कापताना त्यांचा कोळसा झाला असता. शिवाय आजीने निक्षून सांगितले होते, “लक्ष्मीला छिन्नी लावायची नाही.” तेव्हा राहिला मार्ग आकडे शोधण्याचा.

वाचकांनी गणित करून पाहावे. शंभर रेघा, तीन आकडे. म्हणजे शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर, दहा लक्ष जोड्या. एका जोडीला एक मिनिट धरले आणि रात्रंदिवस तबकडी फिरवली, तरी जवळजवळ सातशे दिवस लागतील. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अणुबाँब जिथे तयार झाला, त्या लॉस अलामॉसला रिचर्ड फाइनमन हे तरुण शास्त्रज्ञ फावल्या वेळी सहकाऱ्यांच्या तिजोऱ्या उघडण्याचा छंद करीत. त्यांनी ताडले की असली कुलपे आकड्याच्या दोन रेघा अलीकडे-पलीकडेही चालवून घेतात. म्हणजे शंभराऐवजी वीसच आकडे पाहिले की पुरे, आणि दहा लक्षांच्या झाल्या आठ हजार. पण त्यांचा त्याहून मोठा शोध कुलपाविषयी नव्हता, माणसाविषयी होता. माणूस लक्षात राहील असाच आकडा ठेवतो. एका पदार्थविज्ञानवाल्याने आपल्या विषयात नेहमी लागणाऱ्या एका संख्येचे आकडे ठेवले होते, २७, १८ आणि २८. फाइनमननी ते अटकळीने ओळखले.

माझ्या वडिलांनी फाइनमनांचे नाव ऐकलेले नव्हते, पण विचार तोच केला. आजोबांच्या लक्षात राहील असा दिवस कोणता? आजोबांची जन्मतारीख लावून पाहिली, लग्नाची तिथी पाहिली, वडिलांचा जन्म पाहिला. मग एके रात्री वडील उठून बसले. आजोबांच्या तोंडी एकच तारीख सारखी असे. १७ सप्टेंबर १९४८. त्या दिवशी निजामाच्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली आणि रझाकारांच्या भयाने वर्षभर दाराला आडणा घालून निजणारा आमचा मुलूख मोकळा झाला. वडिलांनी कंदील घेतला आणि १७, ९, ४८ लावले. मूठ हलली नाही.

पुढचे पाऊल टाकले ते वडिलांचे स्नेही असलेल्या एका निवृत्त कारकुनाने. ते आजोबांच्या मोडी वह्या वाचून देत. वडिलांनी रात्रीची हकीकत सांगताच ते हसले. “अहो, तुमच्या वडिलांनी अठ्ठेचाळीस हा आकडा त्या वेळी लिहिलाच नसता. तेव्हा साल फसली!”

आजच्या वाचकाला हे सांगायला हवे. बीड जिल्हा तेव्हा हैद्राबाद संस्थानात होता. तिथे सरकारदरबारी फसली साल चाले, इसवी सनाहून सुमारे ५९० वर्षांनी मागे. मुक्तीचा दिवस १३५७ फसलीत पडला. रुपयासुद्धा आमचा वेगळा होता, हाली शिक्का. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. मग संस्थान गेले, हाली गेला, १९५६ च्या नोव्हेंबरात आम्ही मुंबई राज्यात आलो, १९५७ त आणे जाऊन नवे पैसे आले, १९६० त महाराष्ट्र झाला. आजोबांनी वाड्याच्या त्याच सोप्यात बसून एवढे सगळे बदल पाहिले. वही तीच, फक्त तिच्यातल्या आकड्यांची मापे पायाखालून सरकत होती.

तेव्हा तारीख इंग्रजी आणि साल फसली, असे १७, १३, ५७. वडिलांनी तबकडी फिरवली. मूठ हलली नाही.

त्या कारकुनांनी शेवटच्या वहीचे मागचे पान वडिलांपुढे धरले. तिथे मोडी आकड्यांच्या ओळी होत्या, प्रत्येक ओळ खोडलेली. आम्ही तो कसलासा हिशेब समजत होतो. १६, १३, ५७. मग १८, १३, ५७. मग १७, १२, ५७. मग १७, १४, ५७. असे पानभर. वडील बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले.

आकडे बरोबर होते, आणि ते आजोबांनाही ठाऊक होते. तरी तिजोरी त्यांनाही उघडत नव्हती. चैत्रापासून श्रावणापर्यंत तो म्हातारा रात्री दार लावून एकटा तबकडी फिरवीत बसला होता आणि दर मंगळवारी ओट्यावरच्या बाईला “पुढच्या बाजाराला ये,” म्हणत होता. माझ्याच्याने माझी तिजोरी उघडत नाही, हे एक वाक्य त्यांच्या तोंडून निघाले असते, तर कोणी त्यांना नावे ठेवली नसती. पण सावकाराची पत त्याच्या तिजोरीवर, असे त्यांनी आयुष्यभर मानले होते.

१९६७ च्या दसऱ्यानंतर औरंगाबादेहून एक वृद्ध मिस्त्री आणला. (ते शहर आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे.) त्याने पिशवीतून ना छिन्नी काढली ना तार. आधी चहा घेतला, मग ते खोडलेले पान पाहिले, मग तबकडीला अंगठ्याने हळूच ढकलून पाहिले.

“आकडे नाहीत हलले, तबकडी हललीय,” तो म्हणाला.

त्याने आम्हां मुलांना समजावले ते अजून लक्षात आहे. दाराच्या आत तीन चाके असतात. प्रत्येकाच्या कडेला एक खाच. बाहेरच्या तबकडीचा दांडा ती चाके एकामागून एक फिरवतो. तिन्ही खाचा एका रेषेत आल्या की वरचा आडणा त्यांत पडतो आणि मूठ सुटते. तबकडी दांड्यावर घट्ट राहावी म्हणून मध्ये एक बारीक पाचर असते. ती पाचर झिजली किंवा निसटली, की तबकडी दांड्यावर थोडी घसरते. आतली चाके जागच्या जागीच असतात, पण बाहेरचे आकडे खोटे होतात. आणि ते एक-एक करून नव्हे, तिन्ही एकदमच आणि सारखेच खोटे होतात.

आजोबांची चूक इथे होती. ते दर वेळी एकच आकडा बदलत होते. तसे बदलून तिजोरी जन्मात उघडली नसती. तिन्ही आकडे बरोबरीने सरकवले, तर दहा लक्ष नव्हे, आठ हजारही नव्हे, फार तर नव्याण्णव प्रयत्न.

मिस्त्रीने एक रेघ पुढे लावून पाहिले, १८, १४, ५८. मग एक रेघ मागे. मग दोन पुढे, दोन मागे. पाचव्या खेपेला त्याने २०, १६, ६० लावले. आतून एक लहानसा आवाज आला, सुपारी अडकित्त्यात फुटावी तसा, आणि मूठ वळली. आजी देवघराकडे वळली. वडील मात्र तसेच उभे राहिले.

आत कागद होते, थोडे हाली रुपये होते, आणि लाल फडक्यात बांधलेली माळ होती. फडक्याला आजोबांच्या अक्षरात चिठ्ठी टाचलेली होती. तिच्यावर म्हातारीचे आणि वस्तीचे नाव, आणि खाली १९६४ सालची तिथी.

पुढच्या मंगळवारी म्हातारी आली. वडिलांनी तिला ओट्यावर नव्हे, आत सोप्यात बसवले आणि सगळी हकीकत सांगितली, ते खोडलेले पानसुद्धा दाखवले. तिला वाचता येत नव्हते. तिने पानावरून बोट फिरवले, खोडलेल्या ओळी मोजल्यासारखे केले.

“मग मला सांगायचं की ओ त्यांनी,” ती म्हणाली. “म्या काय दुसऱ्याला सांगितलं असतं व्हय?”

वडिलांना उत्तर सुचले नाही. तिने फडके सोडले आणि मांडीवर पुतळ्या मोजल्या. एकवीस होत्या. माळ तिने गळ्यात घातली नाही, पुन्हा फडक्यात बांधली आणि कनवटीला खोचली. आजीने तिच्या ओटीत फराळाचे घातले.

बीड शहराजवळ निजामशाहीतल्या सलाबतखानाने बांधवलेली एक जुनी विहीर आहे. तिला खजिना विहीर म्हणतात. नाव खजिना, पण तिला दार नाही, कुलूप नाही. तिच्यातले पाणी जमिनीखालच्या पाटांनी शेतांना जात आले आहे. पुढे मोठेपणी ती पाहताना मला आजोबांचे ते खोडलेले पान आठवले.

त्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाला तिजोरी उघडी होती. वडिलांनी मिस्त्रीकडून पाचर नवी बसवून घेतली होती आणि आकडेही बदलून घेतले होते. पूजा झाल्यावर त्यांनी आईला, आजीला आणि मला जवळ बोलावले आणि ते तिन्ही आकडे मोठ्याने सांगितले.